बारशाच्या आधी

नाशिक

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मुलगी झाल्याचं कळवायला फोन केला तेव्हा तू लगेच विचारलंस, "नाव काय?" आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. घरात तेव्हा नावावरून उघड पक्ष पडले होते. आईचा एक, अपूर्वाच्या माहेरचा दुसरा, आणि "कुर्र मी करणार, तेव्हा शेवटचा शब्द माझा" म्हणणारी ताई एकटीच तिसरा पक्ष. शेवटी मी यादी इंटरनेटवर टाकली आणि ओळख ना पाळख अशा लोकांना विचारलं. आईचं म्हणणं, "आता लग्नपत्रिकाही त्यांच्याकडूनच तपासून घे."

तुमच्याकडे जर्मनीत मुलगा की मुलगी ते आधीच कळतं, त्यामुळे तुम्ही 'जुई' ठरवून मोकळे झालात. इथे 1994 च्या कायद्याने ते विचारताही येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग याद्या दोन कराव्या लागतात आणि त्यातली एक हमखास फुकट जाते. मुलांची यादी काय सुरेख झाली होती! ठेवली आहे जपून, कुणाला हवी असली तर सांग.

बाळाचं नक्षत्र हस्त निघालं. गुरुजींनी अक्षरं दिली पू, ष, ण, ठ. ण वरून काय ठेवणार रे? ठ वरून फार तर ठकू. राहता राहिला पू. आईनं 'पूर्वा' सुचवलं आणि पहिल्यांदाच सगळे पक्ष एक झाले. आर्द्रावाल्यांच्या वाट्याला तर ङ सुद्धा येतो, त्यामानाने आम्ही नशीबवान. मी उगाच खात्री म्हणून यादीत पूर्वा सगळ्यात वर घातलं. अर्ध्या तासात एका बाईंचा प्रश्न आला, "बाळाच्या आईचं नाव काय? 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव मध्ये लागतं. सलग म्हणून बघा." म्हटलं. पूर्वा अपूर्वा, मग माझं नाव, मग आडनाव. शाळेत हजेरी घेणारे मास्तर पहिल्या दिवशीच अडखळले असते. घरी अपूर्वाला सगळे बेबी म्हणतात, त्यामुळे हे कुणाच्या कानालाच लागलं नव्हतं.

तिथून मला या प्रकारात रस वाटायला लागला. "नाव आवडलं का?" असं विचारलं की उत्तरं भिकार येतात. प्रत्येकाला वर्गातली कुणीतरी आठवते. एकाला 'केतकी' नको, कारण त्याच्या ऑफिसातली केतकी चुगलखोर आहे. त्यात माझ्या मुलीचा काय दोष? आणि अर्थ सांगणारे तर विचारू नकोस. कुठलीही दोन अक्षरं जोड, कुणीतरी सांगणारच की संस्कृतात याचा अर्थ दुर्गा.

पण "हे नाव तुमच्या गावात कसं म्हणतील?" असं विचारलं की माणसं एकदम कामाला लागतात. 'ज्ञानदा' मला फार आवडलं होतं. लखनौच्या एका गृहस्थांनी लिहिलं की आम्ही 'ग्यानदा' म्हणणार, आणि तुम्ही रोमनमध्ये डी-एन-वाय असं लिहिलंत तर काहीच म्हणता येणार नाही. खरंच आहे. विमानतळावर आपल्या ज्ञानेश्वरांची काय दशा होते, तू ऐकलीच असशील. जुईची तिकडे 'युई' झाली म्हणून तू वैतागला होतास, तेही आठवलं.

यादीत 'किरण'ही होतं. त्यावर तुझ्याच देशातली गंमत कळली. एका जोडप्याला मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं, तर नावावरून मुलगी आहे हे कळत नाही म्हणून नोंदणी अडली आणि प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. 2008 मध्ये निकाल आईबापांच्या बाजूनं लागला. आपल्याकडे किरण मोरे आणि किरण बेदी एकाच काळात गाजत होते, कुणाचं काही अडलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. लोक जन्मतारीख, वेळ, गाव, आईवडिलांची नावं, सगळं परक्यांसमोर मांडतात आणि अक्षर विचारतात. मी फक्त नावं टाकली.

आता अवघड भाग. आईच्या मनात आजीचं नाव होतं, द्वारका. तेही मी टाकलं, आणि लोकांनी "पोरगी शाळेत रडेल", "काकूबाई वाटेल" असा त्याचा फडशा पाडला. मी ते आईला दाखवलं नाही. आजीनं मामलेदार कचेरीसमोर खानावळ चालवून चार मुलं शिकवली, हे त्या लोकांना कुठून ठाऊक असणार? त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. ते नाव त्यांच्यापुढे ठेवण्याजोगंच नव्हतं. गुरुजींनी वाट काढून दिली. शास्त्राप्रमाणे नावं चार असतात, देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं. पाळण्यात द्वारका म्हणायला कुणाची हरकत असणार? आई खूश आहे. नक्षत्राचं पूर्वा झालं. राहिलं व्यवहारातलं.

तिथे 'रेवा' आणि 'मुक्ता' उरली आहेत. रेवाबद्दल जबलपूरच्या एकाने नर्मदेवर पानभर लिहिलं, तर दुसऱ्याने 'रीवा म्हणजे पांढऱ्या वाघांचं संस्थान ना?' असं विचारलं. 1951 मध्ये मोहन नावाचा पांढरा वाघ तिथल्याच महाराजांनी पकडला होता. ताईला वाघाची बाजू पटली. मुक्तावर कुणाचंच वाकडं मत नाही, आणि त्यामुळेच अपूर्वाला ते जरा शंकास्पद वाटतं.

महापालिकेच्या दाखल्यावर नावाची जागा सध्या कोरी आहे. वर्षभरात विनाशुल्क भरता येते, पण ताई तेवढं थांबणार नाही, बारसं येत्या रविवारी आहे. तेव्हा तुझं काम असं, की जुईला ही दोन्ही नावं तिच्या बालवाडीतल्या मैत्रिणींकडून म्हणवून घ्यायला सांग आणि रेकॉर्डिंग पाठव. आणि रेवा ठरलं तर पासपोर्टवर व्ही लिहू की डब्ल्यू? तुमच्याकडे डब्ल्यूचा उच्चार 'व' होतो म्हणतात, पण इंग्रजांकडे काय होईल ते तूच नीट सांग. शनिवारपर्यंत कळव.

वहिनींना नमस्कार, जुईला पापा.

तुझा,
अविनाश