शनवार तेल्यांची सुट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या आम्हा बेने इस्रायलींना (महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यूंना) शेजारीपाजारी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असे. आमच्या धर्मग्रंथातील दहा आज्ञांमध्ये शब्बाथची, म्हणजे शनिवारची, विश्रांती एकट्या धन्याला दिलेली नाही. दास, दासी, बैल आणि वेशीच्या आत राहणारा उपरा यांनाही ती दिली आहे. म्हणजे डोळ्यांवर झापड बांधून सहा दिवस फिरणाऱ्या बैलाचीही त्या दिवशी सुटका होती.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळचे ‘शार हाशामाइम’ प्रार्थनालय 1879 सालचे आहे. इस्रायलला स्थलांतर होऊन समाजाची संख्या घटली, तरीही आज ठाण्यात आमची वस्ती टिकून आहे. 2016 मध्ये राज्य सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला, हेही चांगलेच झाले. परंतु आम्ही तरुणांनी एकत्र यायचे ते सणापुरते आणि लग्नापुरतेच का, असा प्रश्न मला पडतो.

मागे एका घरी मलिद्याला, म्हणजे आमच्या नवस-आभाराच्या विधीला, गेले होते. प्रेषित एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन झाले, गोड पोह्यांचे आणि फळांचे ताट फिरू लागले आणि माझ्या मैत्रिणीपाशी येताच एका मावशींनी विचारले, “आई आपल्यातली ना गं?” आई हिंदू. मैत्रिणीने पोहे घेतले, पण पुन्हा ती आली नाही. ज्यूपण आईकडून येते, हे शास्त्र मला ठाऊक आहे आणि त्याचा निवाडा रब्बींनी (आमच्या धर्मगुरूंनी) करावा. पंगतीत जागा करून द्यायला मात्र निवाडा कशाला हवा? अशा मुलामुलींना, त्यांच्या जोडीदारांना आणि शेजारच्या मित्रांनाही दार उघडे असलेला तरुणांचा गट आपल्याला उभारता येईल.

या गटाने केवळ वह्यावाटप करू नये. (वह्या वाटून फोटो काढणारे ठाण्यात पुष्कळ आहेत.) आमच्याच इमारतीतील सुरक्षारक्षक बारा तासांची पाळी करतो आणि सुट्टी घेतली की त्याचा त्या दिवसाचा पगार कापला जातो, रविवारी सकाळी आम्ही पोहे खात असताना तो फाटकापाशी डबा उघडतो. सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर असलेल्या समाजबांधवांनी पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर रक्षक व सफाई कामगारांच्या पगारी साप्ताहिक सुट्टीचा विषय घ्यावा. बदली माणसाच्या खर्चाचा हिशेब मांडून द्यायला आम्ही काही जण तयार आहोत.

आपली,
एक बेने इस्रायली वाचक, ठाणे (पश्चिम)