बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, मँचेस्टरहून

प्रिय आई, बाबा,

बाबा, तुम्ही फोनवर विचारलेलं ना, इंडस्ट्रियस आणि इंडस्ट्रियल यात फरक काय, चिनूच्या रिपोर्टमध्ये बाईंनी लिहिलंय म्हणून. तेव्हा ट्राममध्ये होतो, नीट सांगता आलं नाही. इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्याचं, आणि इंडस्ट्रियस म्हणजे कष्टाळू, सतत काहीतरी कामात असणारा माणूस. मूळ मात्र दोघांचं एकच, लॅटिनमधला इंडुस्ट्रिया, म्हणजे नेटाने काम करणं, आणि त्यातला स्ट्रु हा भाग रचणं-बांधणं या अर्थाचा, स्ट्रक्चरमध्ये पण तोच आहे. म्हणजे इंडस्ट्री हा इंग्रजीत आधी माणसाचा गुण होता, गिरण्या वाढल्या तसा तो शब्द हळूहळू माणसाकडून गिरणीकडे सरकला. आपल्या उद्योगाचं पण तसंच की, उद्योगी माणूस वेगळा आणि उद्योगधंदा वेगळा. फक्त आपल्याकडे नसते उद्योग पण असतात, आई मला दिवसभर तेच ऐकवायची.

इथे तर या गुणाचं चित्रच करून ठेवलंय, मधमाशी! कचऱ्याच्या डब्यावर माशी, पिवळ्या बसवर माशी, टाउन हॉलच्या फरशीत पण माश्या जडवल्यात. 1842 साली शहराला जे मानचिन्ह, म्हणजे शहराचं अधिकृत चिन्ह, मिळालं त्यात पृथ्वीच्या गोलावर सात माश्या आहेत, म्हणजे आमचे कष्टकरी जगभर पोचले असं. (आई, मोहोळात कामकरी माश्या सगळ्या बायकाच असतात बरं का, नर मध गोळा करायला जातच नाहीत.)

पण बाबा, तुम्हाला आवडेल ती गोष्ट वेगळीच. त्याच 1842 च्या ऑगस्टमध्ये मजुरी कापली म्हणून इथल्या भागातल्या कामगारांनी संप केला आणि गिरण्यांत घुसून बॉयलरचे प्लगच काढून टाकले, वाफ गेली, इंजिन बंद, गिरणी बंद. मानचिन्हावर माशी काढणाऱ्यांना ती डसते हे माहीत नसणार असं कसं म्हणायचं. त्या संपाला इथे प्लग प्लॉट म्हणतात, आणि मला तरी या शहरात बघण्यासारखं काय असं कुणी विचारलं तर फुटबॉलच्या आधी मी हेच सांगतो.

आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, ते सांगितलं की इथले लोक हसतात. लूमवाल्यांच्या मजुरीवाढीचं पुढे काय झालं ते कळवा, आणि रात्रपाळी आता तरी सोडा.

तुमचा,
बंडू