पिंप नुसतं भरू नका, आतून घासाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोणत्या भागाला कधी पाणी सुटणार, हे आपल्या दैनिकात छापून येतं. त्याच चौकटीत आणखी एक ओळ द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र : ‘नवं पाणी भरण्याआधी पिंप आणि टाकी आतून घासा.’

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे घरोघरी पिंपं आणि हौद भरून ठेवावे लागतात. पाणी तळाला गेलं की आत हात घालून पाहा. कडेला, विशेषतः बुडाच्या खाचेत, बोटांना बुळबुळीत लागतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पाणीही नितळ असतं, म्हणून आपण त्यावरच नवं पाणी ओततो. हा थर जिवाणूंनी बांधलेला असतो, आणि तो बांधताना ते एकमेकांशी रसायनांतून बोलतात.

गोड्या पाण्यात सर्रास आढळणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू घ्या. त्याने मासे आजारी पडतात, माणसालाही जुलाब होऊ शकतात. त्याची प्रत्येक पेशी होमोसेरीन लॅक्टोन प्रकारचा एक छोटा रेणू बाहेर सोडत असते. जिवाणू विरळ असले तर तो पाण्यात विरून जातो. दाटी झाली की त्याचं प्रमाण वाढतं, तो पेशीतल्या ठरावीक प्रथिनाला चिकटतो आणि सगळ्यांची काही जनुकं एकदमच चालू होतात. मग थर पक्का होतो, प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) बाहेर पडतात. एकट्याने करून उपयोग नाही, ते काम दाटी जमल्यावरच करायचं! समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंत ही गोष्ट १९७०च्या सुमारास उमगली. मेंदू नसलेल्या जिवाला हे साधतं, याचं मला आजही नवल वाटतं.

वाहत्या पाण्यात हे रेणू वाहून जातात. दिवसेंदिवस न हललेल्या पिंपात, त्यातही चिकट थराच्या आत, ते साचत राहतात. पाण्यातला क्लोरीन त्या थरातच बराचसा खर्ची पडतो, आतल्या जिवाणूंपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, थर मात्र जागचा हलत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

उजनी धरणात वरून येणाऱ्या सांडपाण्यावर आपण लिहिता, लिहायलाच हवं. पण शुद्ध होऊन आलेलं पाणीही आपल्या घरातल्या अशा पिंपात पडत असेल, तर त्या शुद्धीकरणाचा निम्मा उपयोग तिथेच वाया जातो. घासायला पाणी कुठून आणायचं, असं भगिनी विचारतील. तळाशी उरलेलं बादलीभर पाणी त्याला पुरतं. काथ्याने किंवा ब्रशने कडा आणि बूड घासावं, ते पाणी संडासात ओतावं, पिंप उन्हात पालथं घालून कोरडं करावं, मग भरावं.

शहरातल्या उंच टाक्या आतून शेवटच्या केव्हा धुतल्या, ती तारीखही भागवार मिळवून वेळापत्रकाशेजारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर