मुर्शिदाबादच्या पैशाचा वाडा

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

बाबा, त्या बंगल्याचं एवढं काय घेऊन बसलीस, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

बॅसिल्डन पार्क आमच्या रेडिंगपासून जवळ, थेम्सच्या खोऱ्यात. फ्रान्सिस साइक्सने ही इस्टेट १७७१ मध्ये घेतली आणि १७७६ पासून यॉर्कच्या जॉन कार या वास्तुरचनाकाराकडून तिथे बाथच्या दगडात वाडा बांधवला. पैसा मुर्शिदाबादचा, म्हणजे बंगालच्या तेव्हाच्या राजधानीचा. साइक्स तिथे नवाबाच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी होता. पगार नावापुरता, कमाई खासगी व्यापाराची. इकडे त्याची जमीनखरेदी चालली होती, तेव्हा बंगाल १७७० च्या दुष्काळातून जेमतेम सावरत होता. तिथली निदान एक तृतीयांश माणसं मेली, हा अंदाज खुद्द कंपनीच्या गव्हर्नरचा, वॉरन हेस्टिंग्जचा.

तुम्ही आता ‘चोर लेकाचे’ म्हणाल. म्हणा. पण १७४२ मध्ये त्याच मुर्शिदाबादेत आपल्या नागपूरकर भोसल्यांचे स्वार शिरले होते आणि त्यांनी जगतसेठ या सावकारांची कोठी लुटली होती. १७५१ च्या तहाने बंगालवर वर्षाला बारा लाखांची चौथाई बसली. ‘बर्गी (म्हणजे मराठा स्वार) आले’ हे बंगाली अंगाईत अजून आहे. नागपुरात महालातल्या आपल्या घरी हे कोणी बोलत नाही. फरक एवढाच, की आपले स्वार लुटून परतायचे. कंपनीने १७६५ मध्ये बंगालच्या महसूलवसुलीचा हक्कच लिहून घेतला.

आई, तुला आवडेल तो अष्टकोनी दिवाणखाना. साइक्स १८०४ मध्ये वारला तरी आतलं काम अर्धवटच होतं. १८३८ मध्ये मॉरिसन नावाच्या, कापडाच्या धंद्यात गबर झालेल्या माणसाने वाडा घेतला. पुढे एका मालकाने तो दगड-दगड सुटा करून अमेरिकेला दहा लाख डॉलरना विकायला काढला! गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा आतलं काही नक्षीकाम तेवढं न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गेलं. १९५२ मध्ये इलिफ दांपत्याने पडीक वाडा घेतला. जॉन कारचंच काम असलेला लिंकनशायरमधला पँटन हॉल मोडीत निघाला होता. तिथले दरवाजे आणून यांनी इथे बसवले. १९७८ मध्ये सगळं नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं.

उन्हाळ्यात याल तेव्हा जाऊच. बाबा, तिथल्या माहिती देणाऱ्या आजींशी भोसल्यांवरून वाद घालायचा नाही, हे आत्ताच कबूल करा. आणि आई, गुडघ्याचा पट्टा सामानात आठवणीने ठेव, पायऱ्या बऱ्याच आहेत.

तुमची,
मनू