नागपुरातलं लाकडी फ्लोअरिंग: मित्रास पत्र

नागपूर,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्यांत लाकडी फ्लोअरिंग करायचं तुझं आणि वहिनींचं ठरलंय, आता फक्त सागवान, इंजिनीअर्ड की लॅमिनेट एवढं ठरवायचं राहिलंय, असं तू लिहिलंस. पण शोरूममधले नमुने बघण्याआधी आपल्या हवेचा विचार कर. नागपुरात फ्लोअरिंग बिघडतं ते बहुतेक वेळा हवेमुळे आणि खालच्या फरशीमुळे. लाकूड वाईट निघालं असं क्वचितच होतं.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो आणि श्रावणात तेच लाकूड १५-१६ टक्क्यांकडे जातं. घरात, पॉलिशखाली, फरक कमी पडतो. ६ टक्के धरू. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. १०० मिमी रुंदीची सागवानी फळी एवढ्या फरकाने साधारण १.१ मिमी फुगते. १२ फुटांत अशा ३६ फळ्या बसतात, म्हणजे एकूण सुमारे ४० मिमी! तेवढी जागा नसेल तर फरशी मधोमध उचलली जाते.

म्हणून लकडगंजाच्या लाकूडबाजारात सागवान बघायला गेलास तर फळीचा दर्शनी भाग नंतर बघ, आधी तिचं टोक बघ. टोकावर वार्षिक वलयं उभी दिसत असतील तर ती फळी जवळजवळ निम्मीच हलते, ०.६ मिमीच्या आसपास. वलयं आडवी, कमानीसारखी असतील तर वरची नक्षी सुंदर दिसेल, पण पावसाळ्यात तीच फळी जास्त त्रास देईल. कडेचा पिवळट-पांढरा भागही नको. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ते आतल्या तपकिरी गाभ्यापुरतं खरं आहे, पांढरा भाग वाळवी खाते. बल्लारशा-आलापल्लीचा साग उत्तमच आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तिथलंच लाकूड गेलं. पण चांगला सागही नीट वाळवलेला नसेल तर वाकतोच. ओलावा मोजायचं मीटर सोबत ने आणि १२ टक्क्यांच्या वर दाखवणारी फळी घेऊ नकोस.

तरीही माझं मत विचारशील तर एसीच्या खोलीत इंजिनीअर्ड घाल. त्यात वर ३-४ मिमी खऱ्या लाकडाचा थर असतो आणि खाली आडवे-उभे प्लायचे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे फळी फार हलत नाही. एकूण जाडी १४-१५ मिमी असते. वरचा थर १ मिमीच्या खाली असेल तर पुढे कधी घासून पॉलिश करता येणार नाही, तो घेऊ नकोस. दुसऱ्या खोलीत मात्र कूलर आहे. कूलर दिवसभर ओलसर हवा आत ढकलतो, बंद केला की खोली पुन्हा कोरडी पडते, आणि टाकी भरताना पाणी सांडतं ते वेगळंच. तिथे लॅमिनेट नको. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. त्या खोलीत एसपीसी लाव. ते लाकूड नाही, दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक आहे, पण पाण्याने फुगत नाही. उन्हाने मात्र ते वाढतं, म्हणून पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवाच.

आता खालचं काम, यात घाई चालत नाही. तुझ्या जुन्या टाइल्स काढायची गरज नाही, पण प्रत्येक टाइल काठीने ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर ती काढून पक्की बसव. मग ६ फुटी सरळ पट्टी फिरव. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे फरशी सपाट करणारं लेव्हलिंग कंपाउंड भर, नाहीतर चालताना फळी खाली-वर होते आणि फळ्या एकमेकींत अडकवणारं लॉक वर्षभरात तुटतं. ओल तपासायला २ बाय २ फुटांचं प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेव. खाली दव दिसलं तर आधी ओल कुठून येते ते शोध. तुझ्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे, तिथे आधी बघ. वाळवीचं औषधही याच वेळी, भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूट-फूट अंतरावर भोकं पाडून.

एक खोली १४ फूट बाय ११ फूट ६ इंच, म्हणजे १६१ चौरस फूट. कटाईसाठी १० टक्के धर, १७७ झाले. फळ्यांच्या पेटीवर किती चौरस फूट लिहिलंय त्याने भाग दे आणि वरचा पूर्ण आकडा घे. फळ्या लावण्याआधी पेट्या किमान ४८ तास त्याच खोलीत आडव्या ठेव.

मिस्त्रीला पहिली ओळ सुरू करू देण्याआधी हा हिशेब तू स्वतः कर. ११ फूट ६ इंच म्हणजे ३५०५ मिमी. दोन्ही भिंतींकडे १०-१० मिमी जागा सोडली की ३४८५ उरतात. १९३ मिमी रुंदीच्या १८ फळ्या ३४७४ मिमी घेतात आणि शेवटच्या ओळीला ११ मिमीची पट्टी राहते, जी ना लॉक होते ना टिकते. म्हणून पहिली ओळच १०२ मिमीची कापायची, म्हणजे शेवटचीही तेवढीच येते. बरेच मिस्त्री हे करत नाहीत, कारण पहिली ओळ लांबीने चिरायला वेळ लागतो.

टाइल्सवर २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, सांध्यांवर ८ इंच चढवून टेप; त्यावर २-३ मिमी फोम. एसपीसीच्या खाली फोम आधीच चिकटवलेला असेल तर दुसरा घालू नकोस, दोन थरांवर लॉक मोडतं. फळ्या खिडकीकडून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने लाव. शेजारच्या ओळीतले सांधे किमान १ फूट अंतरावर हवेत. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. कपाटही फ्लोअरिंगला स्क्रूने जखडू नका. एका जागी जखडलं की फुगण्याची वाट बंद होते आणि फरशी दुसरीकडून उचलते. दरवाजात सांधा झाकणारी टी-पट्टी लावायची, आणि चौकटीचं लाकूड खालून कापून त्याखाली फळी सरकवायची.

काम नोव्हेंबर ते जानेवारीत कर. तेव्हा हवा मधली असते. मे महिन्यात लावलेली फरशी आषाढात उचलते, ऑगस्टमध्ये लावलेलीत एप्रिलला फटी दिसतात. नंतर पोछा घट्ट पिळूनच लावायचा, आणि फिनाईल नको.

दाराचा तळ फरशीपासून किती वर आहे ते मोजून कळव. १५ मिमीची फळी आणि ३ मिमीचा फोम मिळून १८ मिमी होतात, त्याहून कमी असेल तर सुताराकडून दार आधी रंधून घ्यावं लागेल. आणि कूलरच्या नळाला थेंबांसाठी ट्रे लावलाय का, तेही लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश