संगम माहुलीचा कचरा पोत्यांत भरला, पुढे काय?

प्रति,
मा. संपादक,

विषय : संगम माहुली येथील घाट, समाध्या व नदीपात्राची दुरवस्था

महोदय,

रविवारच्या अंकात संगम माहुलीच्या घाटावरील स्वच्छता मोहिमेचा फोटो आला आहे. हातमोजे घातलेली कॉलेजची मुलं, मागे भरलेल्या पोत्यांची रांग, कडेला पाहुणे. मुलांचं कौतुक आहेच, सुट्टीची सकाळ सोडून चिखलात उतरायला मन लागतं. पण ती पोती नंतरही घाटावरच पडून होती. आठवड्याच्या मध्यात मी गेले तेव्हा निम्मी कुत्र्यांनी फाडलेली होती आणि आतलं सगळं पुन्हा पायऱ्यांवर आलं होतं. गोळा करणारे होते, उचलून नेणारं कोणी नव्हतं. माहुलीला श्रमदानाची वाण नाही. रोजच्या कामाला धनी नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. साताऱ्याच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर वेण्णा कृष्णेला मिळते. अलीकडे संगम माहुली, नदीपलीकडे क्षेत्र माहुली. अलीकडच्या काठाला श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ, समोरच्या तीरावर रामेश्वर आणि त्याच्या पात्रात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. साताऱ्याच्या राजघराण्याची ही दहनभूमी. १७४९ मध्ये निवर्तलेल्या थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथे, महाराणी ताराबाईंची इथे, आणि मोगलांच्या कैदेत तीसेक वर्षं काढून परत आलेल्या महाराणी येसूबाईंचीही इथेच. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. १८१७ च्या ऑगस्टमध्ये दुसरा बाजीराव आणि इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांची भेट झाली तीही इथेच. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचं स्मारकसुद्धा इथे दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. मुक्या जनावराचं इमान ज्यांनी दगडात जपून ठेवलं, त्यांचे आपण वारस म्हणवतो आणि राण्यांच्या समाध्यांच्या गावात उशा-गाद्या फेकून येतो.

कचरा म्हटलं की आपण लगेच पर्यटकांकडे बोट दाखवतो. कास, ठोसेघरला ते बऱ्याच अंशी खरं असेल. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीत तरंगणारी पाण्याची बाटलीही कदाचित पुण्या-मुंबईहून आलेली असेल. पण माहुलीत पर्यटक येतो किती? इथला कचरा साताऱ्याच्या आणि आसपासच्या घरांतून, पिशवीला घट्ट गाठ मारून, हात जोडून आणलेला असतो. पूर्वी निर्माल्य म्हणजे फुलं, बेल, दुर्वा, पानं, कापसाच्या वाती. ते कुजायचं, मासे खायचे, नदी जिरवायची. आता पिशवी सोडलीत तर आत काय काय निघतं! उदबत्तीची चकचकीत पाकिटं, कापडी म्हणून विकलेली प्लास्टिकची फुलं, नॉयलॉनच्या चुनऱ्या, कापराच्या डब्या, गेल्या वर्षीचं देवादिकांचं कॅलेंडर, प्लास्टर ऑफ पॅरिसची भंगलेली मूर्ती, जी विरघळण्याचं नावच घेत नाही. तसबिरींची तर रासच असते. देव पाण्यात आणि काच पायरीवर. अनवाणी उतरणाऱ्याच्या पायात कुणाच्या तरी देवघरातली काच घुसते.

दहाव्याचं काय सांगावं? दुःखात असलेल्या माणसांना बोलणं बरं नाही, म्हणून सगळेच गप्प बसतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घटकाभर डोळे लावून बसणारी मंडळी उठताना चहाचे कप आणि थर्माकोलचे द्रोण तिथेच ठेवून जातात. गेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण, औषधांच्या बाटल्यासुद्धा. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. माहुलीत ती अजून पोहोचायची आहे.

आणि हा झाला डोळ्यांना दिसणारा कचरा. न दिसणारा जास्त आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून निघणारे साताऱ्यातले ओढे शहर ओलांडून उत्तरेला वेण्णेला जाऊन मिळतात. ओढे म्हणायचे आपले, वर्षाचे आठ महिने त्यांतून सांडपाणीच वाहतं. वर कृष्णेवर धोम आणि वेण्णेवर कण्हेर. शेती या धरणांवर उभी आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण उन्हाळ्यात धरणातून सोडतील तेवढीच धार संगमापर्यंत येते. पाणी थबकतं, हिरवं पडतं, सांडपाण्यातल्या खतावर जलपर्णी माजते आणि पायऱ्यांच्या खाली गाळ धरतो. म्हणजे सकाळी पेठेतल्या मोरीत सोडलेलं पाणी आपण दहाव्याला ओंजळीत घेऊन तर्पण करतो. पुढे सांगली आहे, तिच्या नळालाही हीच कृष्णा. हातमोजे घालून हे उचलता येत नाही. त्यासाठी ओढ्यांच्या तोंडाशी सांडपाणी अडवून, शुद्ध करूनच सोडावं लागेल. ते खर्चाचं आणि वर्षानुवर्षांचं काम आहे हे मलाही कळतं. म्हणून त्यावर इथे जास्त लिहीत नाही, पण मोहिमेच्या भाषणांत त्याचा उल्लेखही होत नाही याचं नवल वाटतं.

दुर्लक्षाइतकीच भीती मला दुरुस्तीची वाटते. कुणाला तरी भक्ती दाटून येते, वर्गणी जमते आणि काळ्या दगडाला ऑइल पेंट फासला जातो. नक्षीतली बारीक रेघ रंगाखाली बुजते, दगडातला ओलावा आत कोंडतो आणि काही वर्षांनी पापुद्रे सुटतात. सांध्यांतला जुना चुना खरवडून सिमेंट भरलं की तेच होतं. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट देत नाही. आणि खरी दुरुस्ती हवी तिथे मात्र कोणी वर चढत नाही. देवळांच्या शिखरांवर, घाटाच्या सांध्यांत पिंपळ-उंबराची रोपं रुजतात. ती वरून छाटून उपयोग नसतो, मुळासकट मारावी लागतात. नाहीतर दरवर्षी जाड होत जाणारं मूळ चिरा चिऱ्यापासून सुटा करतं. वीतभर रोप असताना हे काम एका माणसाच्या तासाभराचं असतं, झाड झाल्यावर लाखांचं.

हे कुणाला सांगायचं म्हणून मी विचारत फिरले. एका कार्यालयात म्हणाले, नदीपात्र आमच्याकडे नाही. दुसऱ्यात म्हणाले, घाट आमच्याकडे नाही. तिसऱ्या ठिकाणी गाभारा आणि सभामंडप आमचा, त्याबाहेरचं आम्हाला विचारू नका, असं सांगितलं. सगळे अगदी सौजन्याने बोलले, चहाही विचारला. पायरी कोणाची, तेवढं कळायचं राहिलं. खरं तर घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम फक्त शहरांपुरते नव्हते. राज्य शासनाने अधिसूचित केलेली तीर्थक्षेत्रं आणि ऐतिहासिक स्थळंही त्यांत धरलेली होती. माहुली दोन्ही आहे. इच्छा असती तर कागदाची अडचण नव्हती.

मोठ्या आराखड्याची मागणी मी करत नाही. आराखडा झाला की पहिली कमान उभी राहते, मग सेल्फी पॉइंट होतो, आणि समाध्यांकडे जायची वाट आहे तशीच राहते. दोन्ही काठांना झाकणाचे निर्माल्य कुंड हवेत. फुलापानांसाठी एक आणि बाकीच्यासाठी दुसरा. ते रोज संध्याकाळी रिकामे व्हायला हवेत, कारण भरून वाहणारा कुंड नसलेल्या कुंडापेक्षा वाईट, लोक त्याच्याभोवतीच टाकू लागतात. फुलांचं खत तिथेच करता येईल. पगारी माणूस नेमावा, तोही गावातलाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाटावरचे गुरुजी. घरातलं माणूस गेलेलं असताना फलक कोणी वाचत नाही, पण गुरुजी सांगतील ते सगळे निमूट ऐकतात. दर्भ कोणत्या बोटात घालायचा हे ते सांगतात, त्याच दमात ‘पिशवी पाण्यात टाकायची नाही, कपडे इथे सोडायचे नाहीत’ एवढं सांगितलं तर मला वाटतं अर्धा घाट रिकामा होईल. क्रियेला लागणाऱ्या नाभिक मंडळींचं आणि पूजासाहित्य विकणाऱ्यांचं सहकार्यही यात हवं. दुकानदारांनी सामान केळीच्या पानात, कागदात बांधून द्यावं. काही गावांत रक्षा शेतात विसर्जित करून तिथे झाड लावायची पद्धत पडली आहे. ज्यांना ते पटतं त्यांना त्याच वेळी तेही सुचवता येईल. ज्यांना नदीच हवी, त्यांनी मूठभर अस्थी सोडाव्यात, पोतं नको.

भाद्रपदात पितृपंधरवडा लागेल आणि दोन्ही काठांवर रोज गर्दी होईल. त्याआधी संबंधितांनी एकत्र बसून पायरी कोणाची हे ठरवावं, आणि कुंड रोज कोण रिकामा करणार, त्याच्यावर देखरेख कोणाची व तक्रार कोणत्या कार्यालयात करायची, हे मराठीत, ठळक अक्षरांत घाटावर लिहून लावावं.

आपली,
एक वाचक,
शनिवार पेठ, सातारा