अंगण नसलेल्या मशिदीसाठी एक फलक द्या

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी सोलापूरचा. दत्ताच्या दर्शनाला वर्षातून एकदा तरी गाणगापूरला जाणं होतंच. तिथून कलबुर्गी, म्हणजे जुनं गुलबर्गा, तासाभराच्या वाटेवर, पण किल्ल्यातली जामा मशीद पाहिलेला माणूस आमच्या गल्लीत मला अजून भेटलेला नाही. विजापूरचा गोल घुमट मात्र सगळ्यांनी पाहिलाय, शाळेच्या सहलीत.

बहमनी राज्य जन्मलं दौलताबादेत, 1347 साली. पहिल्या सुलतानानं राजधानी गुलबर्ग्याला नेली आणि त्याच्या मुलाच्या, पहिल्या मुहम्मद शाहच्या काळात, 1367 साली ही मशीद उभी राहिली. बांधणारा इराणातल्या कझवीनचा रफी, असं शिलालेख सांगतो.

मशीद म्हटलं की मधे मोकळं अंगण आणि कडेनं ओवऱ्या, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं असतं. इथे अंगणच नाही. सुमारे 216 फूट लांब आणि 176 फूट रुंद अशी सगळी जागा छपराखाली. मिहराबसमोर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यासमोर, एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांत चार, आणि मधल्या जागेवर साठाहून जास्त लहान घुमट. मिनार एकही नाही. कडेच्या ओवरीतल्या कमानी तर बघत राहाव्यात अशा: पाय बुटके, पसारा मात्र अफाट. अशा एका कमानीखाली बसलं की पुढची कमान, तिच्यामागची, मग तिच्याही मागची दिसते, आणि पांढऱ्या गिलाव्यावरचा उजेड एकेक पायरीनं मंद होत जातो. मी भर मे महिन्यात गेलो होतो. छप्पर उन्हासाठीच घातलं असणार, असं तेव्हा वाटलं. पण मग विजापूरकरांनी त्यांच्या जामा मशिदीला अंगण का ठेवलं? ऊन काय तिकडे कमी आहे?

साहेब, दख्खनी सुलतानशाहीच्या वास्तू 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या, गुलबर्ग्यासकट. पुढचा प्रस्ताव होईल तेव्हा होवो. माझं मागणं लहान आहे. मशिदीच्या दाराशी तिचा आराखडा दाखवणारा मोठा फलक असावा, कानडी, उर्दू आणि मराठीत. त्यावर नुसत्या सनावळ्या नकोत. अंगण कुठे असायला हवं होतं, ते त्या चित्रात ठिपक्यांच्या रेघेनं दाखवा. आणि तसाच एक गाणगापूरच्या बसस्थानकावर. परतीच्या गाडीला वेळ असतो, माणसं वाचतात.

कळावे,
एक सोलापूरकर